टिटवीच्या वहीतला सोमवार

आजवर मी एकच रहस्यकथा लिहिली. तिच्यातला गुन्हेगार कोण, हे अख्ख्या गावात सगळ्यात शेवटी मला, म्हणजे लेखकाला, कळलं. कळलं म्हणजे कबूल करावं लागलं. या दोहोंच्या मधे जे दिवस गेले, तेवढ्यात एक कुत्रं, एक ससा आणि एक बकरी मेली. चौथी पाळी कुणाची होती, ते सांगायला बसलो आहे.

राळेगाव तालुक्यातल्या एका लहान गावात मी शाळेवर आहे. वर्ग पहिली ते पाचवी, खोल्या दोन, शिक्षक दोन. दुसऱ्या म्हणजे मॅडम, त्या मुख्याध्यापिका. कळंबहून एसटीनं येतात आणि उतरल्या उतरल्या माझी कालची चूक विचारतात. मी त्यांना कधी निराश केलेलं नाही. एका वर्षी कळंबच्या गणपतीला सहल नेली, तेव्हा परतताना मी पोरं तीनदा मोजली. आकडा अगदी बरोबर होता. गावात आल्यावर कळलं की त्यातलं एक पोरगं दुसऱ्याच शाळेचं आहे, आणि आमचं एक तिकडे पायरीवर बसून कुणाचा तरी प्रसाद खात आहे.

दिवाळीनंतर वरून पत्र आलं, प्रत्येक शाळेनं भिंतीवर हस्तलिखित पत्रक लावावं, त्यात मुलांसाठी गोष्ट असावी.

"सर, तुम्ही लिहिता ना?" मॅडम म्हणाल्या.

चूक माझीच. माझं लिखाण पेपरात छापून आलं आहे, अशी पुडी मीच कधीतरी सोडली होती. छापून आलं होतं हे खरं. माझी बारावीची गुणपत्रिका हरवल्याचं निवेदन होतं ते.

रविवारी दुपारी वही घेऊन ओसरीत बसलो. गुप्तहेर प्राणी हवेत, एवढं ठरलं होतं. गावाबाहेरच्या नाल्यावरचेच घेतले. मुंगूस, तो साहेब. टिटवी, ती पहारेकरी. आणि सायाळ, म्हणजे साळिंदर, हा कारकून, कारण लिहायला लागणारी काडी त्याच्या अंगावरच उगवते. या शेवटच्या कल्पनेवर मी इतका खूश झालो की उठून पाणी प्यालो. मुंगसाला चष्मा द्यावा का टोपी, या विचारात होतो तेवढ्यात माझ्या साळ्याचा फोन आला.

नाल्याच्या पलीकडे वडिलांचं चार एकर वावर आहे. मी मास्तर झालो तेव्हापासून ते साळाच कसतो. तो राहतो शेजारच्या गावात.

"भाऊजी, डुकरं हरभऱ्यात लोळून राह्यले. करंट सोडा लागते."

"हं."

"हं म्हनजे काय? पंपाच्या पेटीतून तार घेतो अन् धुऱ्यानं, बांधाबांधानं फिरवतो. रातभर ठेवीन. सकाऊन मी येऊन काढून टाकीन."

"तुला पटेल ते कर रे."

"वावर तुमचं हाय म्हनून विचारलं. मंग मले नाव ठेवू नका."

"नाही ठेवत बाबा. कर."

फोन ठेवला आणि मुंगसाला चष्मा दिला.

साळा काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं होतं. शब्द न् शब्द. उघडी तार, तिच्यात पंपाची लाईन, हा गुन्हा आहे हेही माहीत होतं. दर हिवाळ्यात आसपास कुठेतरी कुणाचं ढोर अशा तारेवर पडतं. कधी माणूस पडतो. पण ते नेहमी दुसऱ्या गावात पडतं. आणि रात्री नाल्याकडे जातं कोण, असं मी मनाशी म्हणालो. सगळेच असं म्हणतात, हे मला पुढे कळलं.

आठवडाभर गोष्ट अडून राहिली. गुप्तहेर तयार, गुन्हाच नाही. मग सोमवारी हेडमास्तर मेला.

हेडमास्तर म्हणजे शाळेचं कुत्रं. दिवसभर ऑफिसच्या दारात आडवं पडायचं, खिचडीचा वास आला की उठायचं, खाऊन परत तिथेच. नाव पोरांनी ठेवलेलं. मॅडमना ते खपत नसे, म्हणून मला फार आवडे. त्या दुपारी खिचडी शिजली तरी ते आलं नाही. शाळा सुटल्यावर पाचवीतल्या एका पोराला ते नाल्याच्या काठी सापडलं. आम्ही सगळे पाहायला गेलो. अंगावर जखम नव्हती, रक्त नव्हतं. दात आवळलेले, आणि पुढच्या पायावर एक बारीक काळी रेघ. जणू कुणी पेनानं ओढली होती.

"सरप चावला," कुणीतरी म्हणालं.

मीही मान हलवली. पोरं रडत होती. मला, लाज वाटते सांगायला, एकदम गोष्ट सुचली.

पहिला भाग त्याच आठवड्यात भिंतीवर लागला. नाल्यावरचे प्राणी एकेक करून मरत आहेत. जखम नाही, रक्त नाही, पायावर काळी रेघ. मुंगूस साहेब चष्मा पुसतात आणि म्हणतात, 'ही मरणं सरळ नाहीत.' ती रेघ मी जशीच्या तशी घातली, कारण तपशील छान होता. ती कशानं पडते, असा विचार मी केला नाही. मला आठवलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस सांगत होतो. खरं असं की, आठवू नये याची मी काळजी घेत होतो.

शेवट मला सुचलेला नव्हता. त्यावर मी एक हुशारी केली. वर्गात जाहीर केलं, "गुन्हेगार तुम्ही शोधायचा. दर शनिवारी पुरावे आणायचे. जो शोधेल त्याला स्केचपेनचा डबा."

कामं वाटली. ज्याला कुत्रं सापडलं होतं तो पाचवीतला पोरगा मुंगूस झाला. तो असाही दिवसभर प्रश्नच विचारतो. केस उभे राहणारा एक गोल पोरगा सायाळ झाला. टिटवी कुणी होईना.

"टिटवी वरडली का मरन येते सर, याडी म्हनते," चौथीतली एक पोरगी म्हणाली. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिच्या आजीला अख्खा तांडा याडी म्हणतो.

"अगं, मग मरण यायच्या आधी तू ओरडायचं. लोक सावध होतील."

तिनं ते मनाशी तोलून पाहिलं. मग म्हणाली, "वरडलं तर आयकतीन काय पन?"

"ऐकतील ना. का नाही ऐकणार?"

ती टिटवी झाली. तिनं घरून एक शंभर पानी वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं.

पुढचे दोन शनिवार माझ्या टेबलावर नाल्याचा उकिरडा झाला. मोराचं पीस, बैलाचा दात, एका पायाची चप्पल, टायरचा तुकडा. मुंगसानं मेलेला ससा पाहिल्याचं सांगितलं, त्याच्याही पायावर रेघ. ज्यानं जे आणलं ते मी दुसऱ्या भागात घातलं. लेखक पुढे आणि वाचक मागे असं इतर ठिकाणी असतं. आमच्याकडे पोरं पुढे चालली होती आणि मी मागून त्यांचे पुरावे वेचत होतो.

टिटवीनं एक बांबूची खुंटी आणली. वीतभर लांब, वरच्या टोकाला पाण्याच्या पाइपचा काळा तुकडा घट्ट बसवलेला. तिनं ती टेबलावर माझ्यासमोर ठेवली.

"अरे वा. पतंगाच्या चक्रीचा दांडा दिसतो," मी म्हणालो.

"नाही सर."

"मग काय आहे?"

ती खाली पाहत राहिली. "तुमी वळखा."

दुसऱ्या भागात ती खुंटी जादूची काठी झाली. टिटवीनं तो भाग भिंतीशी उभं राहून शेवटपर्यंत वाचला, आणि नंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या कथेवर यापेक्षा खरी टीका कुणी केलेली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ती शाळेतच आली नाही. मंगळवारी आली तेव्हा डोळे सुजलेले.

"याडीची बकरी मेली. नाल्यावर," सायाळनं सांगितलं. "तोंडावर रेघ होती सर. काळी."

आता कुणी रडत नव्हतं. पोरं माझ्याकडे पाहत होती, कारण गोष्ट माझी होती आणि पुढे काय होणार ते मला माहीत असणार, असा त्यांचा समज होता. मी फळ्याकडे तोंड केलं आणि भागाकार लिहायला घेतला. घरी गेल्यावर साळ्याला फोन करायचा, असं ठरवलं. घरी गेल्यावर जेवण झालं, झोप आली. बुधवारी तेच. गुरुवारी मी स्वतःला म्हणालो, आपलं वावर तर काठापासून जरा वर आहे.

काठापासून ते वर आहे, हे खरं. वीस पावलं.

शनिवारी टिटवीनं वही माझ्या हातात दिली. "सर, वाचा."

"सोमवारी वाचतो."

"सोमवारी नाही सर. आताच वाचा."

"अगं, किती घाई!" मी ती टेबलाच्या खणात टाकली. आणि सुटायच्या आधी, गोष्टीला जरा चढवावं म्हणून, वर्गासमोर एक वाक्य म्हणालो. मी म्हणालो, "खरा डिटेक्टिव्ह घरी बसत नाही. तो जागेवर जातो."

आता लाईनबद्दल सांगावं लागेल. शेतीपंपांची लाईन आमच्याकडे पाळीपाळीनं येते. आठवड्याचे काही दिवस रात्री, काही दिवस दिवसा. त्या हिवाळ्यात रविवारपर्यंत रात्रपाळी असे आणि सोमवार उजाडला की दिवसपाळी लागे. सोमवारी आमची प्रार्थना चालू असतानाच चारी बाजूंनी मोटरी सुरू व्हायच्या, घूं करत. 'शांत उभे राहा' म्हटलं की तो आवाज जास्तच ऐकू यायचा.

त्या सोमवारीही आला. खिचडीची सुट्टी झाली, पोरं जेवली, घंटा झाली. मॅडम दारात आल्या.

"सर, तुमची जनावरं कुठे गेली?"

"कोणती?"

"मुंगूस आणि सायाळ वर्गात नाहीत. टिटवी त्यांच्या मागे पळत गेली म्हणे. ताटलीही धुतली नाही तिनं."

मी उगाच खण उघडला. काहीतरी शोधतो आहे असं दाखवायची सवय, दुसरं काय. हाताला वही लागली. पहिल्या पानावर तिच्या गोल अक्षरात होतं:

कुत्रं. सोमवार, दुपार.
ससा. सोमवार, दुपार.
बकरी. सोमवार, दुपार.
रातची लाईन असली का कोनी मरत नाही. दिवसाची लाईन सोमवारी येते. एक माणूस सोमवारी तार काढाले विसरते.

बाहेर मोटरी चालू होत्या.

साळ्याच्या गावचा बाजार सोमवारी असतो. तो वांगी घेऊन पहाटेच निघतो. हे मला माहीत होतं, कारण त्यातली वांगी आमच्याकडेही येतात. मी फोन लावला.

"भाऊजी, बाजारात हाओ, जोरात बोला."

"तार काढली का?"

"कोनती?"

"वावरातली! करंटची!"

पलीकडे कुणीतरी भाव करत होतं.

"आज सोमवार हाय काय?" साळ्यानं विचारलं.

मी धावलो. हातात डस्टर तसंच होतं. स्कूटर दारात उभी होती, पण तिची किल्ली खिशात आहे हे मला अर्धा रस्ता पळून झाल्यावर आठवलं. पन्नाशीला आलेला माणूस, पायात सँडल, हातात डस्टर, गावच्या मुख्य रस्त्यानं नाल्याकडे धावतो आहे. पारावरच्या लोकांनी विचारलं, "काय झालं मास्तर? कोन पळालं?" मला बोलायला दम नव्हता. कुणी उठलं नाही. माझ्या धावण्याला गावात किंमत नाही, कारण मी याआधी एका उडालेल्या हजेरीपत्रकामागेही असाच धावलो होतो.

नाला ओलांडला. बंडीवाटेनं, म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यानं, गेलं तर वळसा पडतो. म्हणून मी तुरीत शिरलो. तूर डोक्याच्या वर गेलेली, फुलं-शेंगांवर आलेली. पानं तोंडावर बसत होती, पुढचं काही दिसत नव्हतं. मी पोरांना हाका मारत होतो आणि उत्तर येत नव्हतं. घूं आवाज आता एकाच बाजूनं येत होता, समोरून. ती मोटर माझी होती. माझ्या विहिरीवरची.

तूर संपली. ऊन एकदम डोळ्यावर आलं आणि त्याच क्षणी टिटवी ओरडली.

पाखरू नव्हे. पोरगी. असा आवाज माणसाच्या गळ्यातून मी ऐकलेला नाही. शब्द नव्हते त्यात. मी जागेवर गोठलो, एक पाय उचललेला.

"सर, पाय मांगं घ्या. मांगं. जिथून उचलला तिथीच ठेवा."

मी ठेवला. मग खाली पाहिलं. घोट्याच्या जरा वर, गवतातून एक बारीक तार गेली होती. सहज दिसत नव्हती, फक्त एका जागी तिच्यावर ऊन चमकत होतं. ती बांबूच्या खुंट्यांवर बसवली होती, प्रत्येक खुंटीच्या टोकाला काळ्या पाइपचा तुकडा. माझी सावली तारेच्या पलीकडे पोचलेली होती.

पलीकडे, बंडीवाटेवर, तिघं होती. टिटवी हात पसरून उभी, तिच्यामागे मुंगूस आणि सायाळ जमिनीवर बसलेले. मुंगसाचा सदरा खांद्यावर फाटला होता. तिनं त्याला ओढून आणलं होतं, हे नंतर कळलं.

"शाळेत जा," मी म्हणालो. "तिघंही. वाटेनं. आत्ता."

"तुमाले इथी सोडून?" मुंगूस म्हणाला.

"मी आलो तसा परत जाईन."

"नका हालू सर," टिटवी म्हणाली. "तुरीतबी याच तारेचा फेरा हाय. तुमी वरतून कसे आले तेच समजत नाही. बसा खाली."

मी बसलो. मागे एक तार, पुढे एक तार, आणि मधे मी डस्टर घेऊन. पंपाची पेटी पलीकडच्या कोपऱ्यात, साठ-सत्तर पावलांवर. तिथे पोरांना पाठवायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि त्यांनी जाऊ म्हटलं तरी मी 'नाही' म्हणून ओरडलो असतो. एवढी एक अक्कल त्या दिवशी शिल्लक होती.

साळ्याला यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात माझी चौकशी झाली.

सुरुवात मुंगसानं केली. त्याला प्रश्न विचारल्याशिवाय बसताच येत नाही.

"सर, हे वावर कोनाचं हाय?"

वाऱ्यानं तुरीच्या शेंगा वाजल्या.

"माझं," मी म्हणालो.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. सायाळ हळूच म्हणाला, "हात् तिच्या." मग त्यानं जीभ चावली.

"तार कोनं लावली?"

"माझ्या साळ्यानं."

"तुमाले माहीत होतं?"

एक नाकतोडा उडाला आणि खुंटीवर, त्या काळ्या तुकड्यावर, जाऊन बसला. आम्ही चौघं त्याच्याकडे पाहत राहिलो. तो पुढे सरकला, मिशा हलवल्या, आणि उडून गवतात गेला.

"नाही," मी म्हणालो.

टिटवीनं फ्रॉकच्या खिशातून कागदाची घडी काढली, सायाळची पेन्सिल घेतली आणि मांडीवर ठेवून लिहिलं. माझं 'नाही' तिनं लिहून घेतलं. त्यानंतर कुणी प्रश्न विचारला नाही.

साळा मोटरसायकल टाकून धावत आला. पेटी बंद केली. घूं आवाज थांबला, तेव्हा तो इतका वेळ माझ्या दातांत वाजत होता हे मला कळलं. त्यानं लाकडानं तारेचा आकडा पाडला, घाम पुसला, मला तसा बसलेला पाहून आधी हसला. मग पोरं दिसली आणि त्याचं हसू गेलं.

"भाऊजी, एखादं पोरगं गेलं असतं ना."

"अरे, तू विसरलास आणि मला सांगतोस?"

"विसरलो. मी विसरलो, खरं हाय. पन मी काय चोरून लावली काय? रविवारी फोन केलता तुमाले. इचारलं. तुमी म्हनले कर."

पोरांच्या देखत. मी उठून उभा राहिलो, पँट झटकली. टिटवीनं कागद परत उघडला. एक शब्द खोडला आणि त्याच्यावर दुसरा लिहिला. मला तो दिसला नाही, पण दोन अक्षरांचा होता आणि तो 'होतं' होता, याबद्दल मला शंका नाही.

साळ्यानं तार गुंडाळली. मी खुंट्या उपटल्या. एकोणीस भरल्या. विसावी टिटवीनं आणलेली, असं मी धरून चाललो.

आता शेवटचा भाग. भिंतीवर त्याची जागा रिकामी होती आणि पोरं रोज सकाळी तिच्याकडे पाहून वर्गात येत होती. मी बुधवारी एक शेवट लिहिला, त्यात गुन्हेगार अजगर निघाला. मुंगूस म्हणाला, "अजगर गिळते सर, रेघ नाही मारत." गुरुवारी दुसरा लिहिला, त्यात आभाळातून वीज पडली. सायाळ म्हणाला, "दर सोमवारीच?" टिटवीनं खडूनं रिकाम्या जागेभोवती चौकट आखली, सरळ, पट्टी लावून.

शुक्रवारी संध्याकाळी घरी लिहायला बसलो. बायको चहा घेऊन आली, खांद्यावरून वाचायला लागली.

"माझ्या भावाचं काय केलं गोष्टीत?"

"त्याला नाही घेतलं."

"मग कोण आहे गुन्हेगार?"

मी कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं वाचला, चहा ठेवला आणि आत गेली. जाता जाता म्हणाली, "बदली होईल."

शनिवारी सकाळी तो कागद चौकटीत लागला. मजकूर थोडाच होता. 'नाल्यावरच्या तिघांनी गुन्हेगार पकडला. तो दोन पायांचा निघाला. वावर त्याचं आहे. तारेबद्दल त्याला आधी विचारलं होतं, तो कर म्हणाला. कुत्रं मेलं तेव्हा त्याला कळायला हवं होतं, बकरी मेली तेव्हा कळलं होतं, तरी तो गप्प बसला. तो याच शाळेत भागाकार शिकवतो.' खाली मी सही केली.

मॅडमनी वाचलं. सवयीनं लाल पेन काढला, झाकण उघडलं, जरा वेळ धरून ठेवला, आणि झाकण परत लावलं.

अकराला पालकांची सभा होती. मी तयारीत होतो. लोक शिव्या देतील, कुणी कॉलर धरेल, चार-पाच वाक्यं मी पाठही केली होती. लोक आले, भिंतीशी थांबले, वाचलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पोरांनी वाचून दाखवलं. आणि कुणी काही बोललंच नाही. एकानं टोपी नीट केली. एकाला एकदम कापूस वेचायला बाया सांगायचं आठवलं. एरवी खिचडीत मीठ कमी पडलं तर तासभर भांडणारे लोक, दहा मिनिटांत शाळा रिकामी करून गेले. जाताना एकाही माणसानं माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा मला वाटलं, माझ्यावरच्या रागानं.

रविवारी मी बकरी घेऊन तांड्यावर निघालो. बाजारातून पारखून आणली होती. दोन किलोमीटर वाटेत तिनं मला तीनदा चिंचेच्या झाडाखाली नेलं आणि एकदा नाल्यात उतरवलं, कुणी कुणाला नेतं आहे हे पाहणाऱ्याला सांगता आलं नसतं. याडी अंगणात बसली होती. तिनं बकरीचं तोंड उघडून दात पाहिले.

"म्हातारी दिली रे तुले, मास्तर."

"मला कळत नाही त्यातलं."

"दिसूनच राह्यलं." तिनं बकरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "माही गाभन होती."

मी हात जोडले आणि उठलो. तिचा मुलगा, म्हणजे टिटवीचा बाप, दाराशी उभा होता. त्यानं मान हलवली, चहा घ्या म्हणाला, पण नजर माझ्याकडे नव्हती. सभेतल्या लोकांसारखीच ती कुठेतरी बाजूला होती.

टिटवी मला पोचवायला तांड्याच्या टोकापर्यंत आली. वही काखेत होती. वाटेच्या डावीकडे हरभरा होता, हिरवागार, गुडघ्याला लागेल एवढा. चालता चालता मी त्याच्या धुऱ्याकडे पाहिलं आणि थांबलो.

बांबूच्या खुंट्या. टोकाला काळ्या पाइपचे तुकडे. तार.

"हे कुणाचं वावर?"

"बाबाचं," ती म्हणाली. "मले इथूनच समजलं होतं सर. मी खुंटी आनली होती ना. ती आमचीच होती. तुमी तिले जादूची काठी केलं."

मी वाकून जवळची खुंटी पाहिली. वीतभर, तशीच.

"बाबा रोज सकाऊन तारेचा आकडा काढते. सोमवारीबी काढते. आजपर्यंत तं नाही विसरला." तिनं वही उघडली. आत नाला काढला होता, निळ्या पेन्सिलीनं. दोन्ही काठांना चौकोन, चौकोनात पिकं, आणि चौकोनांभोवती बारीक काळ्या रेघा. मी मोजायला लागलो आणि सहानंतर सोडून दिलं. शनिवारी भिंतीशी आलेली माणसं त्या चौकोनांमधे होती. गावात रहस्य असं नव्हतंच. होतं ते फक्त माझ्यासाठी होतं.

"सर, हे लावाचं काय भिंतीवर? बाबाचंबी?"

तिचा आवाज वर्गात विचारते तसा सरळ होता, पण नजर मागे घराकडे होती. मास्तरांना उत्तर येत नसलं की ते जे म्हणतात, तेच माझ्या तोंडून निघालं.

"उद्या पाहू."

"उद्या सोमवार हाय, सर," ती म्हणाली.

आम्ही मागे वळलो. तिचा बाप अजून दारातच उभा होता, आणि आम्ही तारेसाठी परत येतो आहोत ते त्याला दुरूनच कळलं असावं, कारण तो चपला घालायला खाली वाकला. टिटवी माझ्या पुढे चालत होती.